लेन्ससाठी सोनं गहाण ठेवावं का?

प्रश्न : माझी मुलगी बारावी झाली. गावातल्या एका फोटोग्राफरकडे ती लग्नाच्या कामाला जाते. तिच्याकडे साधा डीएसएलआर आणि सोबत आलेली १८-५५ची लेन्स आहे. आता तिला ७०-२००, २.८ अ‍ॅपर्चरची लेन्स हवी आहे. किंमत दीड-दोन लाखांच्या घरात. त्याशिवाय मोठी कामं मिळत नाहीत म्हणते. सोनं गहाण ठेवून घेऊन द्यावी का?
– एक आई, बार्शी

ताई, नमस्कार.

सोनं आत्ता गहाण ठेवू नका. मुलीला फोटोग्राफी मात्र जरूर करू द्या.

ती म्हणते त्यात तथ्य आहे. तिची लेन्स ५५ला नेली, म्हणजे पूर्ण झूम केली, की अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचं भोक, ५.६च्या पुढे उघडत नाही. आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं. २.८ची लेन्स त्याच्या चौपट प्रकाश आत घेते, त्यामुळे रात्रीच्या रिसेप्शनला फरक दिसतो. ताडोब्यात वाघ टिपायचा असेल किंवा मैदानाच्या कडेला उभं राहून कबड्डी, क्रिकेट टिपायचं असेल, तर लांब पल्ल्याच्या लेन्सला पर्याय नाही. पण तिचं काम लग्नाचं आहे. तिथे काय होतं बघा.

शेवटचं मंगलाष्टक संपतं, अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात आणि नवरा-नवरी एकमेकांकडे बघतात. हे सगळं दोन-तीन सेकंदांत उरकतं. मामा कुठे उभे राहतील, हार कोण पुढे करेल, कोणाचा हात आडवा येईल, हे आधी ताडून जागा धरावी लागते. फोकस चेहऱ्यावर आधीच धरून ठेवला नाही, तर कॅमेरा हवेतल्या अक्षता टिपतो आणि नवरी धूसर येते. ७०-२०० ही दूरचं जवळ आणणारी लेन्स; ती लावली तर तिच्या कॅमेऱ्यावर दोघांना उभं पूर्ण मावण्यासाठी सहा-सात मीटर मागे जावं लागेल, आणि तेवढ्या जागेत अर्धं वऱ्हाड उभं असतं! हा फोटो तिच्या आजच्या लेन्सनेच चांगला येईल, जागा साधली तर.

प्रकाशाचंही तसंच. लाल-पिवळ्या कापडाच्या मांडवात भर दुपारी ऊन झिरपतं आणि सगळ्यांचे चेहरे कावीळ झाल्यासारखे दिसतात. महागडी लेन्स तो रंग काढत नाही. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यातला रंगांचा तोल, हाताने लावणं, नवरीला मांडवाच्या उघड्या कडेला आणणं, हॉलचं छत पांढरं असेल तर फ्लॅश चेहऱ्यावर न मारता छताकडे वळवणं, हे यायला हवं. सराव घरीच होतो. ट्यूबलाइट बंद करून तुम्हीच दारापाशी बसा आणि तिला फोटो काढू द्या. तुम्ही एक पाऊल आत सरकलात, मान थोडी उजेडाकडे वळवलीत, की गालावरची सावली आणि डोळ्यांतली चमक कशी बदलते, ते तिला दिसू दे.

होमाई व्यारावाला यांचं नाव तिने ऐकलं असेल. जन्म १९१३चा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, २०११मध्ये पद्मविभूषण. त्यांनी वापरलेल्या कॅमेऱ्यांपैकी एक रोलायफ्लेक्स. त्याची लेन्स बदलता येत नाही, फिल्मच्या एका रोलमध्ये १२ फोटो. जवळचं हवं तर स्वतः जवळ जायचं, आणि बटण दाबण्याआधी नीट बघायचं. स्वातंत्र्याच्या काळातली दिल्ली त्यांनी कशी टिपली, ते मुलीला मुद्दाम दाखवा.

खर्च करायचाच असेल तर ५० एमएम, १.८ अ‍ॅपर्चरची लेन्स घ्या. कंपनीप्रमाणे दहा ते वीस हजारांत येते आणि त्या दोन लाखांच्या लेन्सच्या दुपटीहून जास्त प्रकाश आत घेते. झूम नाही, पण चेहऱ्यांसाठी उत्तम. ग्रुप फोटोला जुनी १८-५५ आहेच. सोबत एक बरा फ्लॅश आणि जास्तीचं मेमरी कार्ड. मोठ्या कामापुरती ७०-२०० पुण्यात दिवसाच्या भाड्याने मिळते. कामाच्या पैशातून ती स्वतः विकत घेऊ शकेल, तेव्हा जरूर घ्यावी.

वाचलेले पैसे शिक्षणाला ठेवा, माझा सगळा आग्रह याच्यासाठी आहे. राज्यातल्या कला महाविद्यालयांतल्या बीएफएसाठी, म्हणजे कलेच्या पदवीसाठी, राज्याची एएसी सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, तिची तयारी, म्हणजे चित्रकलेचा हात, आत्तापासून हवी. पुढे फोटोग्राफीतच पदव्युत्तर शिकायचं ठरलं तर गांधीनगरच्या एनआयडीत, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये, तसा अभ्यासक्रम आहे. लग्नाचं काम सुट्टीत चालू राहू दे, ते सोडायला लावू नका.

आणि पुढच्या लग्नातले तिने स्वतः काढलेले १२ फोटो तिला निवडू द्या, फक्त १२. ते ती ज्यांच्याकडे जाते त्या फोटोग्राफरना दाखवून प्रत्येकात काय चुकलं ते विचारायला सांगा. ते वेळ काढून सांगत असतील तर तिने तिथेच टिकावं. नुसतं स्टँड धरायला आणि लाइट उचलायला ठेवलं असेल, तर सोलापूर-पुण्याकडे दुसरा गुरू शोधायला लागा.