पदवी कुठे लागते आणि कुठे लागत नाही

‘शिक्षण आणि नोकरी’ या विषयावर आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय २७ वर्षे असून मी इतिहासात एम.ए. आणि त्यानंतर बी.एड. केले आहे. सध्या छत्रपती संभाजीनगरला औरंगपुऱ्यातील एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची तयारी करतो. माझा चुलतभाऊ दहावीनंतर आयटीआयला फिटर झाला, वाळूजला शिकाऊ उमेदवार म्हणून लागला आणि आता तिथेच कायम झाला आहे. गावी गेलो की वडीलधारी मंडळी त्याचे उदाहरण देतात. जास्त शिकलेलाच बेकार राहणार असेल, तर शिक्षणाने नोकरी मिळते हे म्हणणे खोटे मानायचे का? — एक वाचक, औंढा नागनाथ (जि. हिंगोली)

उत्तर : तुम्ही जे पाहता आहात ते एका घरापुरते नाही. केंद्र सरकारच्या श्रमशक्ती सर्वेक्षणांतही निरक्षरांपेक्षा पदवीधरांमध्ये बेरोजगारीचे प्रमाण बरेच जास्त दिसते. मात्र त्या आकड्याचा अर्थ काळजीपूर्वक लावला पाहिजे. शाळा न पाहिलेला शेतमजुराचा मुलगा बेरोजगार म्हणून नोंदला जात नाही, कारण घरी बसणे त्याला परवडतच नाही. सोयाबीनच्या काढणीला, वीटभट्टीवर किंवा मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला तो जातोच. पदवीधर मात्र पदवीला शोभेल अशा जागेची वाट पाहतो आणि त्या प्रतीक्षेच्या काळात त्याची गणना बेरोजगारांत होते. त्याच सर्वेक्षणांत नियमित पगाराच्या नोकऱ्या कोणाकडे आहेत हे पाहिले, तर तिथे शिकलेल्यांचे पारडे स्पष्टपणे जड आहे. म्हणजे शिक्षणाने नोकरीची शक्यता वाढते आणि नोकरीपूर्वीची प्रतीक्षाही वाढते, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत.

मराठवाड्यात पदवीविषयी एवढी श्रद्धा का, याला इतिहास आहे आणि तो तुमचा विषय असल्याने थोडे विस्ताराने लिहितो. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. उच्च शिक्षणासाठी मुलाला हैदराबाद गाठावे लागे, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद म्हणून ओळखले गेले. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १९५८ मध्ये. त्यानंतर चारच वर्षांनी, १९६२ मध्ये, राज्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. शाळा, पंचायत समित्या, पाटबंधारे, सहकार या सर्वांना एकाच वेळी शिकलेली माणसे हवी होती आणि ती मोजकीच होती. त्या पिढीतील पदवीधराने निकाल हाती घेतला आणि नोकरी चालत आली, असे आजोबा सांगतात त्यात अतिशयोक्ती नाही. पुढे महाविद्यालये तालुक्यातालुक्यांत पोहोचली, पण सरकारी जागा त्या वेगाने वाढल्या नाहीत. पदवी तीच राहिली. तिच्यामागची रांग लांबली. घरातील ज्येष्ठांचा हिशेब अजून जुन्या रांगेचा आहे, म्हणून त्यांना तुमचा उशीर तुमचा दोष वाटतो.

आता प्रत्यक्ष प्रश्नाकडे वळतो. नोकरीच्या जाहिरातीत शैक्षणिक पात्रतेची जी ओळ असते, तिच्यावरून पाहिले तर तुमच्याकडील एम.ए.चा उपयोग अगदी मोजक्या ठिकाणी आहे. पोलीस शिपाई पदाला बारावी लागते. तिथे निवड शारीरिक चाचणी आणि लेखी परीक्षेच्या गुणांवर होते. तलाठी, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकारी पदाला, तसेच राज्यसेवा परीक्षेला कोणतीही पदवी चालते, बी.ए. झाला त्या दिवशी तुम्ही पात्र होता. महावितरणच्या विद्युत सहाय्यक पदासाठी वीजतंत्री किंवा तारतंत्रीचे आयटीआय प्रमाणपत्र लागते आणि तिथे तुमच्या एम.ए.ला काहीच किंमत नाही. राज्य शासनाने २०२४ मध्ये युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली तेव्हा बारावी उत्तीर्णास दरमहा ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये विद्यावेतन ठरवले. पदव्युत्तर उमेदवारासाठी वेगळी पायरी नव्हती. शासनाच्या दृष्टीने कोणत्या कागदाचे काय मोल आहे, हे त्या तीन आकड्यांत दिसते.

एम.ए. आणि बी.एड. या दोन्हींचा एकत्रित उपयोग आहे तो शिक्षकी पेशात, आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखही नाही याचे मला आश्चर्य वाटले. सहावी ते आठवीसाठी पदवी व बी.एड. यांबरोबर टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) दुसरा पेपर उत्तीर्ण व्हावा लागतो. त्यानंतर टेट ही अभियोग्यता चाचणी द्यायची आणि तिच्या गुणांवर पवित्र पोर्टल या शासनाच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळामार्फत निवड होते. निवड झाली तरी पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. २०२३ पासून ते प्राथमिकला १६,००० आणि माध्यमिकला १८,००० रुपये आहे. कनिष्ठ महाविद्यालयासाठी तुमची एम.ए. मोजली जाते. वरिष्ठ महाविद्यालयासाठी नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा हवी, आणि ती झाल्यावरही अनेकांची वर्षे तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, जातात हे आधीच समजून घ्यावे. इतिहासाला जागा कमी निघतात. तरीही एवढ्या वर्षांच्या शिक्षणाचा जिथे थेट उपयोग होतो ती एवढीच वाट आहे आणि ती न चाचपता सोडणे मला योग्य वाटत नाही.

राज्यसेवेला खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागास प्रवर्गांसाठी ४३ ही वयोमर्यादा आहे. मर्यादा एवढी दूर असली की माणूस तिच्यापर्यंत चालत राहतो. तुम्ही स्वतःची मर्यादा ठरवा, ती वडिलांना सांगा, आणि तोवर शिकवणीचे किंवा अन्य अर्धवेळ काम धरा. नुसत्या अभ्यासिकेत गेलेली वर्षे नोकरी देणाऱ्याला परिचयपत्रात रिकामी दिसतात.

चुलतभावाविषयी एक गोष्ट सांगतो, म्हणजे तुलना पूर्ण होईल. तो कायम झाला हे फार चांगले झाले, पण कारखान्यात पर्यवेक्षकाच्या जागेशी पोहोचल्यावर त्यालाही कागद विचारला जाईल. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यास तंत्रनिकेतनाच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो आणि पदविकेनंतर अभियांत्रिकीच्याही थेट दुसऱ्या वर्षात. त्याला हे सांगा. गावात तुमच्या शिक्षणाचा कोणाला तरी उपयोग होईल.

प्रश्न : मी २०१० साली दहावी उत्तीर्ण झाले. अकरावीत असताना लग्न झाले आणि शिक्षण थांबले. आता दोन्ही मुले शाळेत जातात. आमच्या गावात अंगणवाडी सेविकेची जागा निघाली, पण बारावीची अट असल्याने अर्ज करता आला नाही. आता पुन्हा परीक्षा देता येईल का, आणि घरी राहून घेतलेली पदवी नोकरीत चालते का? — एक वाचक, अंबड (जि. जालना)

उत्तर : परीक्षा अवश्य देता येईल. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा अर्ज भरून बारावीला खासगी विद्यार्थी म्हणून बसता येते. जालना जिल्हा छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळाखाली येतो. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, त्यात जवळचे संपर्क महाविद्यालय निवडावे लागते, आणि त्याची मुदत परीक्षेच्या कितीतरी महिने आधीच संपते. म्हणून परीक्षा फेब्रुवारीत आहे असे समजून दिवाळीनंतर चौकशीला जाऊ नका. शाळा उघडल्या की जूनमध्येच महाविद्यालयाच्या कार्यालयात विचारून ठेवा. दहावीचे गुणपत्रक आणि शाळा सोडल्याचा दाखला मूळ प्रतीत लागतो. लग्नानंतर नाव बदललेले असल्यास दाखल्यावरील नाव आणि आधारवरील नाव यांचा मेळ आधी घाला, कारण बऱ्याच भगिनींचे अर्ज नेमके याच ठिकाणी अडतात.

अंगणवाडी सेविकेसाठी बारावीबरोबरच स्थानिक रहिवासाची आणि १८ ते ३५ या वयाची अट असते, त्यामुळे तुमच्या हाती फार वेळ नाही. सेविकेला पगार नसून मानधन मिळते हेही ध्यानात असू द्या. पर्यवेक्षिकेच्या पदासाठी पदवी लागते, आणि म्हणूनच बारावीवर थांबू नये असे मला आग्रहाने सुचवायचे आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून अशाच विद्यार्थ्यांसाठी काम करते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार मान्यताप्राप्त विद्यापीठाची, आयोगाने मंजूर केलेल्या दूरस्थ अभ्यासक्रमातील पदवी ही नियमित पदवीच्या समकक्ष धरली जाते. नोकरीच्या अर्जात ती कमी ठरत नाही. अट एवढीच की प्रवेशाच्या वर्षी तो अभ्यासक्रम मंजूर यादीत असला पाहिजे. ‘अभ्यासाविना घरबसल्या बारावी’ अशा जाहिराती बसस्थानकाच्या भिंतींवर चिकटवलेल्या दिसतात, त्यांच्याकडे एक रुपयाही भरू नका. अशा मंडळांची प्रमाणपत्रे कागदपत्र तपासणीत नापास होतात, आणि तोवर वय निघून गेलेले असते.

प्रश्न : मुलगी लातूरला राहून वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेची तयारी करते. दोन वेळा परीक्षा दिली, सरकारी प्रवेशाइतके गुण मिळाले नाहीत. ती तिसऱ्यांदा बसू म्हणते. बसू द्यावे का? — एक पालक, उदगीर

उत्तर : दोन प्रयत्नांतील गुणांमध्ये भरीव वाढ झाली असेल तर बसू द्यावे, गुण जवळपास तेवढेच असतील तर देऊ नये. नीटला आता वयाची वरची मर्यादा नाही आणि प्रयत्नांचीही नाही, त्यामुळे थांबण्याचा निर्णय परीक्षा करून देत नाही, तो घरानेच घ्यावा लागतो. तिसऱ्यांदा बसायचे ठरले तरी बी.एस्सी. नर्सिंग, औषधनिर्माणशास्त्र किंवा कृषी यांच्या प्रवेश परीक्षा सोबत देऊन ठेवाव्यात. २०२४-२५ पासून आठ लाखांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क राज्य शासन पूर्ण भरते. प्रवेश केंद्रीय फेरीतून झाला पाहिजे. शिकवणीच्या तिसऱ्या वर्षाचा खर्च आणि हे शुल्क एकदा शेजारी लिहून पाहा.

प्रश्न : मी दहावी उत्तीर्ण आहे आणि बारा वर्षे वाळूज परिसरात ठेकेदारामार्फत सीएनसी (संगणक-नियंत्रित) मशीनवर काम करतो. नवीन आलेल्या डिप्लोमावाल्या मुलांना मीच मशीन शिकवतो आणि वर्षभरात तेच माझे साहेब होतात. हे असे का? — एक वाचक, रांजणगाव शेणपुंजी (जि. छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : तुमची खंत रास्त आहे. कारण मात्र केवळ पक्षपाताचे नाही. वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांची गुणवत्ता प्रमाणपत्रासाठी नियमित तपासणी होते, आणि तपासणीस प्रत्येक जागेवरील माणूस त्या कामास सक्षम आहे याचा लेखी पुरावा मागतो. डिप्लोमाचे गुणपत्रक फाइलला लावले की तो पुरावा तयार होतो; तुमचा हात पाहायला तपासणीसाकडे वेळ नसतो. पण गंमत अशी की आयएसओ ९००१ या मानकात ही सक्षमता शिक्षण, प्रशिक्षण किंवा अनुभव यांपैकी कशावरही ठरवता येते. डिप्लोमाचीच अट ही कारखान्याने स्वतः घातलेली असते. तुमच्या विभागाच्या स्किल मॅट्रिक्समध्ये, म्हणजे कोणाला कोणते काम येते याच्या तक्त्यात, तुमच्या नावापुढे काय लिहिले आहे, हे विचारण्यात काही गैर नाही.

तरीही केवळ विनवणीवर विसंबू नये. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये सीएनसी प्रोग्रॅमिंग आणि कॅड-कॅमचे (संगणकावरील आरेखन व उत्पादनाचे) अल्प मुदतीचे वर्ग चालतात. मशीन चालवण्याकडून प्रोग्रॅम लिहिण्याकडे जाण्यासाठी तुम्हाला तेच आधी उपयोगी पडतील. अनुभवी कामगारास आयटीआयची परीक्षा बाहेरून देण्याची सोय आहे, तिची चौकशी जवळच्या शासकीय आयटीआयमध्ये करा. शिवाय अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३ पासून नोकरी करणाऱ्यांसाठी पदविकेचे सोयीच्या वेळेतील वर्ग चालवण्यास संस्थांना परवानगी दिली आहे. शहरातील कोणत्या तंत्रनिकेतनात ते सुरू आहेत हे प्रवेशाच्या काळात पाहावे.

या सगळ्यासाठी बारा वर्षांच्या अनुभवाचा पुरावा लागेल, आणि ठेकेदाराकडील कामगार इथेच कमी पडतो. ठेकेदार बदलत राहतात, जुन्यांचा पत्ता लागत नाही. भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यावर कोणत्या आस्थापनेत किती काळ होता याची नोंद असते, ती आजच काढून जपून ठेवा. जुनी खाती वेगवेगळ्या क्रमांकांवर असतील तर ती एकत्र करून घ्या. सध्याच्या ठेकेदाराकडून अनुभवाचा दाखलाही मागा. तो देताना पदनामापुढे बहुधा ‘हेल्पर’ असे लिहिले जाते, कारण हजेरीपटावर तशीच नोंद असते. दाखला घडी घालून खिशात ठेवण्यापूर्वी तेवढी ओळ वाचा आणि ‘सीएनसी ऑपरेटर’ असे लिहिल्याशिवाय तो स्वीकारू नका.