पोकळ भिंतीतले दिवे

प्रश्न : आमच्या घराची बाहेरची भिंत दोन थरांची आहे. विटांच्या दोन थरांमध्ये ५० मिमी पोकळी असून तिच्यात थर्माकोलच्या शीट आहेत. जिन्यालगत या भिंतीत चार लहान एलईडी दिवे बसवायचे आहेत. दिव्याची खोली ७० मिमी आहे. भोक पोकळीपर्यंत नेलं तर ड्रायव्हरही (दिव्याला योग्य वीज पुरवणारा छोटा डबा) आतच मावेल. तसं करावं का?

उत्तर : अजिबात करू नका. पोकळी मुद्दाम ठेवलेली असते. पावसाचं पाणी बाहेरच्या थरातून झिरपलं तरी पोकळीत खाली ओघळतं, म्हणून आतला थर कोरडा राहतो. दिव्याचा डबा किंवा भोक पाडताना साचलेला विटेचा चुरा दोन्ही थरांना टेकला, की त्यावरून ओल आत येते आणि नेमका दिव्याभोवती डाग उमटतो. शिवाय थर्माकोलमध्ये ड्रायव्हरची उष्णता कोंडते, ड्रायव्हरमधले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) लवकर जातात आणि बदलायला हात पोचत नाही. पीव्हीसी वायर थर्माकोलला टेकून राहिली तर तिच्या आवरणातला मऊपणा शोषला जातो. आवरण कडक होऊन तडकतं.

दिवे आतल्या थरातच मावतील. थर साधारण १०० मिमी आणि गिलावा १२ मिमी, म्हणजे ११२. दिव्याचे ७० आणि मागे वायर वळायला १५ धरले, तरी २७ मिमी वीट शाबूत राहते. आधी ६ मिमी बिटवर ८५ मिमीला टेप गुंडाळून एक चाचणी भोक पाडा. बिट मध्येच धसकन आत गेला, तर तो थर पोकळ ब्लॉकचा आहे. तिथे कमी खोलीचा दिवा घ्या.

भोकाचा व्यास दिव्याच्या माहितीपत्रकातल्या कट-आउटचा (भिंतीत पाडायच्या भोकाच्या मापाचा) किंवा सोबत आलेल्या डब्याचा घ्या, बाहेरच्या रिंगचा नव्हे. कोअर बिट (मोठं गोल भोक कापणारा नळीसारखा बिट) वापरताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवा, नाहीतर विटेची मागची बाजू फुटून पोकळीत पडते. दिव्याला जागेवर पकडणारी स्प्रिंग विटेत धरत नाही, म्हणून डबा सिमेंट-वाळूत पक्का करा. त्याची कड विटेला नाही, तयार गिलाव्याला समतल हवी. बहुतेकांचं इथेच चुकतं आणि मग रिंग भिंतीला टेकत नाही.

वायरच्या खाचा उभ्याच काढा. उभी खाच थराच्या जाडीच्या एक तृतीयांश आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा खोल नसावी. १०० मिमी थरात हे ३३ आणि १६ मिमी होतात. २० मिमीचा पाइप उभ्या खाचेत नीट झाकला जातो, आडवीत नाही.

ड्रायव्हर उघडता येईल अशा कपाटात ठेवा. तो ३५० मिलिअँपिअरचा स्थिर प्रवाहाचा असेल, तर चारही दिवे सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक, जोडा आणि त्यांच्या व्होल्टेजची बेरीज ड्रायव्हरच्या मर्यादेत आहे ना ते पाहा. वीज चालू असताना सुटलेला दिवा पुन्हा जोडू नका; मोकळ्या ड्रायव्हरचं व्होल्टेज चढलेलं असतं आणि एलईडी तत्क्षणी जळतो. कामाआधी एमसीबी पाडा, टेस्टरने खात्री करा. मुख्य लाइनची जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

प्रश्न : जिप्सम बोर्डाच्या भिंतीत दिव्याचं भोक मोठं झालं, स्प्रिंग धरत नाही. काय करू?

उत्तर : पुट्टीने भरून भागणार नाही, स्प्रिंगच्या ताणाने ती सुटते. भोकाभोवती चौकोन कापा, बोर्डाच्या मागे दोन लाकडी पट्ट्या स्क्रूने आवळा आणि त्यांवर तेवढ्याच जाडीचा बोर्डाचा तुकडा बसवा. सांध्यांवर जाळीची टेप आणि जॉइंट कंपाउंड लावा. ते पूर्ण वाळल्यावरच नवं भोक पाडा, पट्ट्या स्प्रिंगच्या वाटेत येणार नाहीत असं.