बाबा तेच तेच सांगतात

"मॅडम, बाबा रोज १ मे १९६०ची गोष्ट सांगतात. शब्दसुद्धा तेच. शेवटी डोळे पुसतात. डोक्यावर परिणाम तर नाही ना झालाय?"

लालबागहून एक लेक वडिलांना घेऊन आली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) ही काळजी माझ्याकडे वरचेवर येते.

आधी साधी चौकशी केली. सकाळी काय खाल्लं ते आठवतं का? रोजच्या वाटेवर चुकतात का? पैशांचा हिशेब जमतो का? आत्ताच सांगितलेलं पाच मिनिटांनी पुन्हा नव्यानं सांगतात का? असं काही दिसलं तर घरी अंदाज बांधत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. थायरॉइड बिघडलं किंवा बी-१२ कमी झालं तरी विसरायला होतं, आणि त्यावर उपचार आहेत. काकांच्या तपासण्या ठीक आल्या.

मग उरतं ते सांगणं. उतारवयात साधारण दहा ते तीस या वयातलं सर्वांत ठळक आठवतं. रॉबर्ट बटलर या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञानं १९६३ मध्येच लिहिलं होतं की, म्हातारपणी मागचं आयुष्य चाळून बघणं स्वाभाविक आहे, तो बुद्धिभ्रंश नव्हे. काका १९६० साली दहा वर्षांचे होते.

मी त्यांना म्हटलं, "काका, मला सांगा. मी पहिल्यांदाच ऐकतेय."

गिरणीतून आलेले वडील, त्यांच्या केसांत अजून कापसाची तुसं. चाळीच्या कठड्यावर पणत्या, कागदी पताका, ढोल. 'मुंबई आपली झाली रे!' म्हणत वडिलांनी त्यांच्या तोंडात पेढा कोंबला. काका इथंच थांबले, डोळे पुसले. लेक पुटपुटली, "बघा, रोज इथंच."

घरचे इथं 'हो बाबा, माहितीये' म्हणून उठतात. चिडून नव्हे, डबे भरायचे असतात, ८:१० ची लोकल असते. मी विचारलं, "पेढे आणखी कुणाला दिले?"

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "शेवटच्या खोलीत पणती नव्हती."

मुंबई केंद्रशासित करायची घोषणा झाली तेव्हा, जानेवारी १९५६ मध्ये, गिरणगावात गोळीबार झाले. त्या खोलीतला तरणा पोरगा त्यात गेला होता. संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभराहून अधिक माणसं गेली, त्यातला एक. वडील पेढ्यांचा पुडा घेऊन आत गेले आणि त्याच्या आईसमोर अंधारात नुसते बसून राहिले. दारातून दहा वर्षांचा पोरगा बघत होता. बाहेर ढोल वाजत होता. "मला नाचायचं होतं," काका म्हणाले, "आणि नाचायची लाज वाटत होती."

पासष्ट वर्षं हे कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्या मते ते रोज याच दारापर्यंत येऊन परत फिरत होते.

लेकीला मी एवढंच सुचवलं: टोकू नका, 'मग पुढे?' विचारा. रोज नको, रविवारी निवांत. बोलताना रडले तर रडू द्या. मात्र जेवण-झोप तुटली, कशातच मन लागेना, तर लगेच या.

महिन्याभरानं तिचा फोन आला. बापलेक हुतात्मा चौकात जाऊन आले होते. मशाल धरलेल्या शेतकरी-कामगारापुढे काकांनी पुड्यातला एक पेढा ठेवला.

"गोष्ट अजून सांगतात, मॅडम. पण आता शेवटच्या खोलीपासून सुरू करतात."