वाचक विचारतात : इंग्रज-बोअरांच्या लढाईत आपलं काय?

प्रश्न : जानेवारीत महिनाभर मुलाकडे दक्षिण आफ्रिकेत डरबनला जात आहोत. तिथून ‘स्पायन कॉप’ या डोंगरावरची युद्धभूमी दाखवायला नेतो, असं तो म्हणतो. आमच्या सौ. म्हणतात, इंग्रज आणि बोअर (तिथे स्थायिक झालेले डच वंशाचे लोक) यांच्या भांडणात आपलं काय? माझं वय ६९, एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. त्यासाठी अख्खा दिवस घालवावा का? – एक वाचक

उत्तर : जरूर जा, आणि वहिनींना आग्रहाने न्या. त्यांना पडलेला प्रश्न मलाही पडला होता. त्या डोंगरावरून उतरताना मात्र तो माझ्या मनात राहिला नव्हता.

आधी गुडघ्याचं सांगते. गाडी जवळजवळ माथ्यापर्यंत जाते. वर जे चालायचं ते फारसं चढाचं नाही, पण जमीन खडकाळ आहे, म्हणून काठी आणि घट्ट बूट हवेत. डरबनहून सुमारे तीन तास लागतात. जानेवारी म्हणजे तिथला भर उन्हाळा. दुपारी गडगडाटासह पाऊस कोसळतो आणि उघड्या माथ्यावर आडोसा नाही. पहाटे निघा. आणि जवळच्या लेडीस्मिथ गावाहून युद्धभूमी दाखवणारा माहीतगार वाटाड्या नक्की घ्या. त्याच्याशिवाय वर नुसते दगड आणि गवत दिसेल.

आता त्या दगडांविषयी. २३ जानेवारी १९००च्या रात्री इंग्रज सैन्य अंधारात हा डोंगर चढलं. बोअरांनी वेढलेलं लेडीस्मिथ सोडवायचं होतं. माथ्यावर खंदक खणायला घेतला, पण खाली कातळ. जेमतेम गुडघाभर खोली मिळाली. सकाळी धुकं उठलं तेव्हा कळलं, की खंदक चुकीच्या जागी आहे आणि आजूबाजूच्या टेकड्यांवर बोअर बंदुका रोखून बसले आहेत. दिवसभर त्या उथळ चरात माणसं मरत राहिली. रात्री इंग्रज उतरून गेले. गंमत नव्हे, शोकांतिका अशी, की बोअरांपैकीही बरेच जण हरलो समजून खाली निघून गेले होते. दुसऱ्या दिवशी त्याच खंदकात मृतांना पुरलं. पांढऱ्या दगडांनी आखलेली ती लांब, किंचित वळणारी रेघ म्हणजे कबर आहे. मला हे ठाऊक नव्हतं. त्या दगडांना टेकून मी फोटो काढायला उभी राहिले आणि वाटाड्याने हळूच बाजूला घेतलं. तुम्ही तिथे पाय ठेवू नका, नातवंडांनाही आधीच सांगून ठेवा. जवळच बोअरांचं स्मारक आहे, तेही वाचा. एकाच बाजूची नावं वाचून परत येऊ नये, असं मला मनापासून वाटतं. आणि हा मुलूख या दोघांच्याही आधी आफ्रिकन लोकांचा होता, हे वर उभं राहिल्यावर विसरू नका.

वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर मात्र माथ्यावर नाही, उतारावर आहे. तिशीतल्या मोहनदास गांधींनी नाताळ, म्हणजे डरबनच्या आसपासच्या प्रांतातल्या हिंदी लोकांचं जखमी वाहून नेणारं पथक उभारलं होतं. सुमारे अकराशे माणसं, आणि त्यांतले आठशेच्या आसपास गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले मजूर. पथकाने गोळीबाराच्या टप्प्याबाहेरच काम करायचं, असं ठरलेलं. स्पायन कॉपला ती अट सुटली. टप्प्यात येण्याची सक्ती नाही, पण आलात तर आभारी राहू, असा निरोप आला आणि ही माणसं गेली. जखमींना स्ट्रेचरवर घेऊन दिवसाला वीस-पंचवीस मैल चालली. त्यांनी वाहिलेल्यांत या चढाईचं नेतृत्व करणारा इंग्रज जनरल वुडगेटही होता. माथ्यावर तो जिथे पडला ती जागा खुणेने दाखवली आहे. गांधीजींची सहानुभूती खरं तर बोअरांकडे होती, हे त्यांनी स्वतः लिहिलंय. पण ब्रिटिश प्रजा म्हणून हक्क मागतो तर कर्तव्यही केलं पाहिजे, असा त्यांचा विचार. ते हक्क मिळाले नाहीत. १९२० साली त्यांनी या युद्धाचं पदक सरकारला परत केलं.

गांधीजींचं नाव राहिलं. मला अस्वस्थ करतात ते बाकीचे. उसाच्या मळ्यांतून, कोळशाच्या खाणींतून आलेली माणसं, ज्यांच्या अंगावर बंदूक नव्हती आणि खांद्यावर दुसऱ्याच्या सैन्यातला जखमी होता. मी वाटाड्याला माथ्यावरची आणखी ठिकाणं सोडून त्या उतारावर नजर टाकता येईल अशा कडेला न्यायला सांगितलं. तिथे अर्धा तास बसले. तुम्हीही बसा. खाली आता स्पायन कॉप धरणाचं पाणी दिसतं.

वेळ उरला तर परतताना लेडीस्मिथच्या टाउन हॉलशेजारचं वेढ्याचं संग्रहालय पाहा. याच गावात वेढ्याच्या दिवसांत प्रभुसिंग नावाचा गिरमिटिया झाडावर बसून घंटा वाजवायचा. समोरच्या डोंगरावरच्या बोअर तोफेचा धूर दिसला की घंटा, म्हणजे गोळा पोचण्याआधी लोकांना लपायला काही क्षण मिळत. पुढे लॉर्ड कर्झनने त्याच्यासाठी हिंदुस्थानातून काश्मिरी झगा पाठवला. वहिनींना ही गोष्ट गाडीतच सांगून ठेवा.

डोंगरावरून गोळी, गंजलेलं बटण, काहीही उचलू नका. तिथल्या १९९९च्या वारसा कायद्याने मनाई आहे. आणि परतीचं विमान जोहान्सबर्गहून असेल तर तिथल्या ऑब्झर्व्हेटरी भागातल्या टेकडीवर याच युद्धात वारलेल्या हिंदी सैन्यातल्या लोकांचा स्मारकस्तंभ आहे. त्यावर शिपायांबरोबर नालबंदांचाही उल्लेख आहे. घोड्यांना नाल ठोकणाऱ्यांचा. तेवढ्यासाठी मी एक सकाळ राखून ठेवली होती.