एफडी मोडून मोती घ्यावेत का?

प्रश्न: मी साताऱ्यात राहते, वय ४१. गेली तीन वर्षं घरी तोरणं, मोत्यांच्या महिरपी, कुंदनच्या रांगोळ्या, रुखवताची ताटं असं करून विकते. गेल्या वर्षी ८६ वस्तू गेल्या, ४१ हजार आले. साहित्याला २४ हजार लागले, शिवाय बस, पॅकिंग, महिला मंडळातलं टेबल असे ५ हजार. ९ हजारांचं साहित्य अजून कपाटात आहे. एका वस्तूला सरासरी चार तास लागतात आणि घरचं आवरून मला दिवसाला चारच तास मिळतात. मिस्टरांचा पगार ३८ हजार, घराच्या हप्त्यासकट महिन्याचा खर्च ३३ हजार. बचत खात्यात ४० हजार आहेत आणि माझ्या नावावर २ लाखांची एफडी, ७ टक्क्यांची, अजून १४ महिने बाकी. ती मोडून १ लाख १० हजारांचं साहित्य एकदम होलसेलमध्ये घ्यावं (२५ टक्के तरी स्वस्त पडतं), ४५ हजारांचं कटिंग मशीन घ्यावं आणि ४५ हजारांत दिवाळीआधी पुण्याच्या मोठ्या प्रदर्शनात तीन दिवसांचा स्टॉल घ्यावा, असं मनात आहे. साहित्याची यादी सोबत जोडली आहे. घरात सगळे याला टाइमपास म्हणतात. एकदा नीट पैसा घातला की तेही मानतील. करू का?

उत्तर: ताई, एफडी मोडू नका. काम मात्र नक्की वाढवा, आणि त्यासाठी ३० हजार रुपये बाजूला काढा. ते कुठून आणायचे ते पुढे सांगते. आधी तुमच्याच हिशेबाकडे बघू. तुम्ही आकडे इतके नीट ठेवलेत की अर्धं उत्तर त्यातच आहे, आणि टाइमपास करणारं माणूस उरलेल्या साहित्याची किंमत लिहून ठेवत नाही.

२४ हजारांपैकी ९ हजारांचं साहित्य कपाटात उरलं, म्हणजे ८६ वस्तूंना प्रत्यक्षात १५ हजारांचं लागलं. एका वस्तूला साधारण १७४ रुपये. आता १ लाख १० हजारांचं साहित्य आणलं तर या हिशेबाने त्यातून ६३० वस्तू होतील. तुमचे हात दिवसाला एक वस्तू करतात. गणपती, लेकरांच्या परीक्षा, घरातलं आजारपण, काहीही मध्ये आलं नाही असं धरलं तरी ६३० दिवस लागतील. पावणेदोन वर्षं! इतका काळ तुमची एवढी शिल्लक मोती, लेस आणि गोट्याच्या (सोनेरी-चंदेरी पट्टीच्या) रूपात पलंगाखालच्या खोक्यांत पडून राहील.

ते साहित्य तोवर आहे तसं राहतही नाही. गोटा काळपटतो, स्वस्त मोत्यांचा मुलामा निघतो, उघडलेले ॲक्रिलिक रंग डबीतच घट्ट होतात. आणि आवड बदलते, हे तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. ज्या घरांनी काही वर्षांपूर्वी लोकरीच्या गोंड्यांची तोरणं हौसेने लावली, त्यांना आता खणाचं हवं असतं. माझ्या आईच्या पत्र्याच्या ट्रंकेत क्रोशाच्या दोऱ्याच्या कितीतरी लडी शेवटपर्यंत तशाच होत्या. स्वस्त मिळाल्या म्हणून डझनाने घेतलेल्या. तिच्या हातात फार कला होती, पण त्या लडींचं काही झालं नाही. तुमचं पत्र वाचताना मला ती ट्रंक आठवत होती.

होलसेलमधली २५ टक्के बचत खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण गेल्या वर्षी आणलेल्यातलं सदतीस टक्के साहित्य उरलं. घेताना २५ वाचवायचे आणि ठेवताना ३७ अडकवायचे, हा सौदा तोट्याचाच आहे. स्वस्त साहित्य तेच, जे त्याच हंगामात वापरून संपतं.

तुमची अडचण पैशांची नाहीच. अडचण चार तासांची आहे, आणि त्यानंतर गिऱ्हाइकांची. रोज एक वस्तू या वेगाने वर्षभर काम केलंत, म्हणजे गेल्या वर्षीच्या चौपट, तरी साहित्य लागेल ६० हजारांच्या आसपास. तेही एकदम नाही. ३० हजार वर्षातून दोनदा फिरले की ६० हजारांचं काम होतं. श्रावणात घेतलेलं साहित्य गौरी-गणपतीत विकलं जातं, त्या पैशांतून नवरात्र-दिवाळीचं येतं, दिवाळीच्या पैशांतून तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणाऱ्या लग्नसराईच्या रुखवतांचं. आपल्याकडचे सण असे एकामागोमाग येतात की छोटं भांडवलही वर्षभर हलतं राहतं. २ लाख एका जागी बसवण्यापेक्षा ३० हजार पळते ठेवणं तुमच्या कामाला जास्त मानवेल.

हे ३० हजार बचत खात्यातून घेऊ नका, त्यातले पैसे हाताशी राहायला हवेत. बँकेत जाऊन एफडीवर कर्ज किंवा ओव्हरड्राफ्ट मागा. साधारणपणे बँका ठेवीच्या ९० टक्क्यांपर्यंत देतात आणि ठेवीच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्के जास्त लावतात, तुमचा नेमका दर शाखेत विचारून घ्या. ९ टक्के धरले तर ३० हजारांचं तीन महिन्यांचं व्याज होतं ६७५ रुपये. तुमच्या दीड तोरणाचे पैसे. ओव्हरड्राफ्टमध्ये तर जेवढे दिवस जेवढी रक्कम वापरली तेवढ्याचंच व्याज लागतं, आणि एफडी आपली ७ टक्क्यांनी चालू राहते. ठेव तुमच्या नावावर आहे, त्यामुळे अर्जावर सहीही तुमचीच.

एफडी मोडली तर बँक तुम्हाला जेवढे दिवस ठेव राहिली तेवढ्या मुदतीचा दर लावते आणि बहुधा अर्धा ते एक टक्का दंड कापते. जातील ते काही हजार रुपये. खरं सांगायचं तर त्यांची मला तेवढी काळजी नाही. काळजी वेगळी आहे. आज २ लाख आणि ४० हजार मिळून तुमचं घर सात महिने पगाराशिवाय चालू शकतं. एफडी गेली की उरतो सव्वा महिना. मिस्टरांची नोकरी खासगी आहे की सरकारी हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण घराचा हप्ता दोन्हीकडे सारखाच थकतो. दवाखान्याच्या काउंटरवर मोत्यांची पाकिटं चालत नाहीत.

आणि समजा ३० हजारांचं सगळंच फसलं, एकही वस्तू गेली नाही. पगारातून महिन्याला ५ हजार उरतात, सहा-सात महिन्यांत व्याजासकट फिटेल. एवढी जोखीम तुमच्या घराला पेलते, म्हणून मी ३० म्हणते आहे. ५० नाही.

आता खरेदीचं. पुण्याला रविवार पेठेत बोहरी आळीत तुम्ही जातच असाल. मुंबईत भुलेश्वर किंवा क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटला भाव आणखी उतरतात, पण साताऱ्याहून तो पल्ला फक्त मोठ्या ऑर्डरलाच परवडेल. पुण्याच्या फेऱ्या मात्र वाढवा. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे आणि स्वारगेटहून मंडईपर्यंत आता मेट्रोही जाते. जाऊन-येऊन, चहा-नाश्त्यासकट फेरीला साडेतीनशे-चारशे लागतील असं धरा. दर दीड महिन्याला एक फेरी म्हटलं तरी वर्षाचे तीन-सव्वातीन हजार होतात. एवढ्या पैशांत तुमच्या कपाटाचं काम बोहरी आळी करते: माल त्यांच्या दुकानात राहतो, बिघडला तर त्यांचा बिघडतो, आणि तुम्ही दर फेरीला चालू असलेलंच घेऊन येता. फक्त एका ऑर्डरचं साहित्य एकाच वेळी, एकाच लॉटमधलं घ्या. लोकर आणि गोट्याची छटा पुढच्या लॉटला बदलते आणि तोरणाच्या दोन बाजू दोन रंगांच्या दिसतात. ग्लूस्टिक, ओएचपी शीट (पारदर्शक प्लास्टिकची), पांढरे आणि सोनेरी मोती, पॅकिंगची खोकी या रोजच्या वस्तू होलसेलने घ्यायला माझी काहीच हरकत नाही, त्या संपतातच. रंगीत लेस, चमकी, तयार लटकन, एमडीएफचे (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचे) आकार हे मात्र ऑर्डर हातात असेल तेव्हाच.

तुमच्या यादीत मखरासाठी ६ हजारांची थर्माकोलची शीट आहेत, ती खोडून टाका. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. पुठ्ठा, कापड आणि बांबूच्या काड्यांचं मखर करा. घडी होणारं केलंत तर लोक दोन पैसे जास्त देतात, कारण पुढच्या वर्षी ते माळ्यावरून काढून पुन्हा लावता येतं. ओळखीच्या शिंप्याकडे खणाचे, काठाचे तुकडे मिळतात. घरोघरी नेसायला न होणाऱ्या पैठण्या आणि रेशमी साड्या पडून असतात. गिऱ्हाइकाच्याच आजीच्या साडीच्या काठाचं तोरण करून दिलंत तर साहित्याचा खर्च जवळजवळ शून्य आणि त्या तोरणाची बरोबरी कुठलंही दुकान करू शकणार नाही. अशा कामाची किंमत मोकळेपणाने मागा.

किमतीचं मला जास्त बोलायचं आहे. ४१ हजारांतून वापरलेलं साहित्य आणि इतर खर्च वजा केला तर २१ हजार राहतात. ८६ वस्तूंचे ३४४ तास झाले. ताई, तासाला ६१ रुपये. तुम्ही आजवर साहित्याच्या दुप्पट-अडीचपट असा अंदाजाने भाव लावत असाल, बहुतेक जणी तसंच करतात. त्यात बारीक मोत्यांची, वेळखाऊ वस्तू स्वस्तात जाते आणि झटपट होणारी महाग वाटते. त्यापेक्षा साहित्य, अधिक पॅकिंग-प्रवास, अधिक तासाला ८० रुपये असं मांडा. सरासरी वस्तू ४७७ ऐवजी साडेपाचशेला जाईल. काही गिऱ्हाइकं नाही म्हणतील, म्हणू दे. तुमचे तास मोजके आहेत, ते कमी पैशांत घालवू नका. रुखवताच्या ऑर्डरला निम्मी रक्कम आगाऊ घ्या. मोती त्या पैशांतूनच येतील आणि ऐनवेळी लग्नाचा बेत बदलला तरी तुमच्या अंगावर काही येणार नाही.

मशीन आत्ता नको. नावं आणि आकार कापून आणायला लेझर कटिंगवाल्याकडे एका वस्तूमागे ४० रुपये जात असतील असं धरू. ४५ हजार वसूल व्हायला सव्वाअकराशे वस्तू लागतील, वर पाती आणि मॅट बदलण्याचा खर्च. महिन्याला शंभर नावांची ऑर्डर सलग सहा महिने आली तर मला पुन्हा लिहा, तेव्हा मी आनंदाने हो म्हणेन.

पुण्याच्या स्टॉलचाही हिशेब तसाच आहे. एका वस्तूत साहित्य आणि पॅकिंग वजा जाता तुमचे अडीचशे-पावणेतीनशे सुटतात. नुसतं भाडं निघायला तीन दिवसांत १६५-१८० वस्तू विकल्या पाहिजेत, म्हणजे गेल्या अख्ख्या वर्षाच्या जवळपास दुप्पट, आणि तेवढ्या आधी करून ठेवायला तुमच्याकडे साडेपाच-सहा महिने हवेत. साताऱ्यातच दोघी-तिघी मिळून टेबल घ्या. बचत गटात असाल तर गटामार्फत सरकारी प्रदर्शनांत जागा मिळते का ते पंचायत समितीत किंवा नगरपालिकेत विचारा. मंगल कार्यालयं, केटरर, मेंदीवाल्या, ब्लाउज शिवणाऱ्या या लोकांकडे लग्नघरं आधी पोचतात. त्यांच्याकडे तुमच्या दोन ताटांचे नमुने ठेवलेत तर ते तुमच्यासाठी वर्षभर बोलतील.

कागदपत्रांचं थोडक्यात: छोट्या व्यवसायांची उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. नुसत्या वस्तू विकत असाल तर आपल्या राज्यात उलाढाल ४० लाखांपर्यंत जाईतो सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. पुढे खरंच भांडवल कमी पडलं तर मुद्रा योजनेतल्या शिशू गटात ५० हजारांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळतं, पण ती पुढची गोष्ट. आत्ता एवढंच करा की या कामाचं यूपीआय वेगळ्या बचत खात्याला जोडा, दळणाचे पैसे आणि तोरणाचे पैसे एकाच खात्यात फिरू नयेत.

राहिलं ते घरच्यांचं. ते वाक्य मी दोनदा वाचलं. दिवसाचे चार तास काढून वर्षाला ४१ हजार आणणाऱ्या बाईला स्वतःचं काम खरं आहे हे पटवायला २ लाख मोडावेसे वाटतात, याचं मला वाईट वाटलं. पण पलंगाखालच्या खोक्यांकडे बघून कुणी मानेल असं मला वाटत नाही, उलट बोलायला कारण मिळेल. दर महिन्याच्या एक तारखेला त्या वेगळ्या खात्याची शिल्लक मिस्टरांना दाखवा. मागच्या महिन्याची आणि या महिन्याची, शेजारी शेजारी. ओव्हरड्राफ्टचे ३० हजार दिवाळीच्या पैशांतून फिटले की त्याची पावतीही.

पहिल्या फेरीला निघायच्या आधी एक दुपार कपाट उघडा. ९ हजारांचं जे आहे ते मांडून बसा, रंगानुसार यादी करा, आणि गणपतीच्या पहिल्या दहा वस्तू त्यातूनच होतात का बघा. ती यादी पर्समध्ये ठेवून मगच स्वारगेटची एसटी पकडा.