५० किलो वजन उतरलं, पण पोटाची कातडी लोंबते. टमी टक पुरेल की बॉडी लिफ्ट लागेल? की व्यायामाने आवळेल?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्याच्यापायी माझी तीन वर्षं गेली. व्यायामाने आवळणार नाही. स्नायू भरतील, ताकद येईल, पण वर्षानुवर्षं ताणलेल्या कातडीतले लवचीक तंतू तुटलेले असतात, ते परत जुळत नाहीत. वय कमी असेल आणि वजन थोडंच उतरलं असेल तर कातडी बरीच आत जाते. ५० किलो उतरल्यावर नाही. क्रीम, पट्टे, मशिनने शेक, असलं सगळं सुचवणारे भेटतील. पैसे जपून ठेवा.

माझं वजन १३१ वरून ७४ वर आलं. जठराची स्लीव्ह शस्त्रक्रिया केली होती, म्हणजे वजन उतरावं म्हणून जठराचा मोठा भाग कापून काढतात ती. लोक शर्टाकडे बघून अभिनंदन करायचे. शर्टाच्या आत काय होतं ते मला माहीत होतं. पोटाची घडी जांघेपर्यंत आली होती आणि बेंबी म्हणजे नुसती आडवी चीर उरली होती. आंघोळ झाली की एका हाताने घडी वर धरायची, दुसऱ्या हाताने खालचं पुसायचं, पंख्यासमोर उभं राहायचं आणि मऊ सुती कापडाची चौपदरी पट्टी आत सारायची. दुपारपर्यंत ती ओली व्हायची. आधी लाल चट्टा, मग कातडी सोलवटून पाणी सुटायचं, आणि वास. बुरशीचं मलम लावलं की आठ-दहा दिवस बरं, पुन्हा तेच. पळायला लागलो तर घडी मांड्यांवर आपटायची. तो आवाज शेजारून जाणाऱ्यालाही ऐकू जायचा.

हे सगळं माझ्या ताईला माहीत होतं. तरी तिचं म्हणणं एकच: "पुरुषाच्या पोटाकडे कोण बघतंय? शर्ट घातला की झालं. एकदा पोट कापून घेतलंस, आता परत हे नखरे कशाला?" नखरे! हा शब्द मला अजून बोचतो. लोंबणाऱ्या पोटाचा मोठा भाग कापून काढल्याची नोंद हॉवर्ड केली या सर्जनने बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधून १८९९ साली केली आहे. सव्वाशे वर्षं सर्जन हे करत आलेत. पायाला रोज जखम होत असती तर त्यावर इलाज करण्याला कुणी नखरे म्हटलं नसतं.

तर, तुमचा प्रश्न. मीही टमी टकच मागायला गेलो होतो. सर्जनने बाकी काही न बोलता मला उभं केलं आणि पोटाची कातडी आधी वर-खाली चिमटीत धरून पाहिली, मग दोन्ही बाजूंनी मधे ओढून पाहिली. म्हणाले, "तुमची उभी सैल आहे तशी आडवीही सैल आहे." सगळा निर्णय या चिमटीवर असतो. घरी आरशासमोर उभं राहून तुम्हीही करून पाहा.

टमी टकमध्ये बेंबीखालची कातडी जाते, पोटाचे फाकलेले उभे स्नायू मधोमध शिवून जवळ आणतात आणि बेंबी नव्या जागी बाहेर काढतात. पण कातडी ओढली जाते ती खाली. कमरेचा घेर तेवढ्याने कमी होत नाही. मूल झाल्यावर पोट सुटलेल्या बाईला ती पुरते, आपल्यासारख्यांना बहुतेक वेळा कमी पडते. आडवी कातडीही सैल असेल तर फ्लर-द-ली पद्धत, म्हणजे खाली आडवा छेद आणि शिवाय छातीखालून खालपर्यंत उभा छेद. माझी हीच झाली. पाठीवर, बाजूंना आणि नितंबांवरही लोंबत असेल तर कमरेभोवती पूर्ण गोल छेद घेणारी लोअर बॉडी लिफ्ट. त्यात पेशंटला मधे उलटंसुलटं करावं लागतं, वेळ जास्त, रक्तही जास्त जातं. छाती आणि काखेमागची कातडी हे वेगळं काम, ते बहुधा दुसऱ्या टप्प्यात करतात. माझी छाती आठ महिन्यांनी केली, त्याचा फार त्रास झाला नाही.

पॅनिक्युलेक्टॉमी नावाचा आणखी एक प्रकार आहे. तीत फक्त लोंबणारी घडी कापतात, स्नायूंना हात लावत नाहीत, आकाराचा विचार नसतो. विमा कंपन्या मानल्या तर साधारण हीच वैद्यकीय गरज मानतात, तीही पुरळाच्या आणि उपचारांच्या नोंदी दाखवल्यावर. म्हणून चट्टा उठला की दर वेळी डॉक्टरांना दाखवून लिहून घ्या, फोटो काढून ठेवा. नुसतं लायपोसक्शन करून घेऊ नका. त्यात चरबी जाते, कातडी तशीच राहते आणि आणखी लोंबते.

माझी तारीख एकदा पुढे गेली. हिमोग्लोबिन ९.८ निघालं, बी १२ही कमी. स्लीव्ह किंवा जठराची बायपास (हृदयाची नव्हे, वजन उतरवण्याचीच) झालेल्यांचं हे नेहमीचं आहे, तपासून घ्या. प्रथिनंही. ती कमी असतील तर जखम भरत नाही. त्या तीन महिन्यांत ताईला वाटलं, मी विचार बदलला.

ऑपरेशन पाच तास चाललं. ३ किलो ४०० ग्रॅम कातडी-चरबी निघाली. ताईचं पहिलं वाक्य, "साडेतीन किलोसाठी एवढं?" आणि बाराव्या दिवशी आडवा आणि उभा छेद जिथे मिळतात तिथली जखम उघडली. दोन बोटं आत जातील एवढी. ती जागा या पद्धतीत सगळ्यात कच्ची असते, तिथे रक्तपुरवठा कमी पोचतो. मला आधी सांगितलं होतं. ताईला मी सांगितलं नव्हतं, ती चूक माझी. पाच आठवडे रोज तिने ड्रेसिंग केलं आणि रोज म्हणाली, "सांगितलं होतं ना." मी तेव्हा गप्प बसलो. आज सांगतो: जखम पाच आठवड्यांत भरली. आधीची तीन वर्षांत एकदाही पूर्ण भरली नव्हती. छातीखालून निघालेली ती उभी रेघ वर्षभर लालभडक होती, आता फिकट झाली आहे, पण आहे आणि राहणार. बेंबीखाली हाताच्या पंजाएवढा भाग अजून बधिर आहे. तरी पुन्हा विचारलंत तर उद्या करेन.

आता जे आधीच सांगायला हवं होतं. मी डॉक्टर नाही. वजन निदान सहा महिने स्थिर नसेल तर जाऊ नका, स्लीव्ह-बायपासनंतर तर साधारण वर्ष-दीड वर्ष थांबायला सांगतात. सिगारेट ओढत असाल तर निदान महिनाभर आधी पूर्ण बंद, निकोटीनचे पॅच आणि गमसुद्धा. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात आणि कातडीचा काठ काळा पडतो, मरतो. मधुमेह असेल तर साखर आधी ताब्यात आणा. गरोदरपणाचा विचार असेल तर ते आधी होऊ द्या. आणि पायात रक्ताची गाठ होऊन फुप्फुसात जाण्याचा धोका या ऑपरेशनात खरा आहे, त्याने जीव जाऊ शकतो. त्याच दिवशी संध्याकाळी उठवून चालवतील तेव्हा दुखतंय म्हणून नाही म्हणू नका, कमरेत वाकून का होईना, चाला. एका पोटरीला सूज आली किंवा दम लागला तर सकाळची वाट पाहू नका. सहा आठवडे वजन उचलायचं नाही, प्रेशर गारमेंट, म्हणजे पोट घट्ट आवळून धरणारा कपडा, दिवसरात्र. म्हणजे घरात एक माणूस लागतंच, तुमच्याशी भांडणारं असलं तरी चालेल.

त्या माणसाला एक वही द्या. पोटातून ड्रेनच्या नळ्या निघालेल्या असतात, त्यांत साठलेलं पाणी मोजून लिहायचं असतं. एका नळीतून २४ तासांत साधारण ३० मिलीच्या खाली आलं की ती काढतात. माझ्या दोन नळ्या होत्या आणि ताईने दोन्हींचं पाणी एकत्र मोजून एकाच रकान्यात लिहिलं, त्यामुळे कुठली काढायची ते कळेना आणि दोन्ही आणखी दोन दिवस राहिल्या. मग तिने पट्टी घेऊन दोन रकाने आखले, डावी आणि उजवी. तुम्ही पहिल्या दिवसापासून आखा.