वाचकांचे प्रश्न : ज्वालामुखीच्या राखेतली वाइन

प्रश्न : गेल्या वर्षी युरोपच्या सहलीत ग्रीसमधील सांतोरिनी बेटावरून असिर्तिको या द्राक्षाची एक सेंद्रिय पांढरी वाइन आणली. दुकानदाराने ‘हिच्यात ज्वालामुखीची चव आहे’ असे सांगितले. माझी स्वतःची नाशिकजवळ द्राक्षबाग आहे. आमची जमीनही लाव्हारसापासूनच झालेली आहे, मग ती चव आमच्या द्राक्षांत का उतरत नाही? शिवाय तिथे मांडव, तारा काहीच दिसले नाही. वेली जमिनीवरच पसरलेल्या होत्या. ही कोणती पद्धत? – एक वाचक, नाशिक

उत्तर : दुकानदाराचे वाक्य विक्रीसाठी चांगले आहे, परंतु ते शब्दशः घेऊ नये. खडकाला स्वतःची अशी चव नसते. मुळे पाण्यात विरघळलेली खनिजे शोषतात हे खरे असले, तरी वाइनमध्ये त्यांचे प्रमाण जिभेला जाणवण्याइतके क्वचितच असते. आपल्याला जो तीक्ष्ण, किंचित खारट वाटावा असा स्वाद लागला असेल, त्याचे मोठे कारण असिर्तिकोची आम्लता हे आहे. भर उन्हात पिकूनही हे द्राक्ष आपले आम्ल सोडत नाही, आणि तिथल्या मातीत पालाश (पोटॅशियम) कमी असल्यामुळे ते टिकायला आणखी मदत होते. ज्वालामुखीचा वाटा आहे, पण तो वेल कशी जगते यात आहे. पेल्यात राख उतरते असे नाही.

आपल्या जमिनीशी तुलना केली तर हे अधिक स्पष्ट होईल. दख्खनचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. पाऊस आणि उन्हाने तो झिजत जाऊन त्याची चिकण काळी माती झाली, जी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. सांतोरिनीवरचा मोठा उद्रेक मात्र अवघ्या ३,६०० वर्षांच्या आसपासचा. त्यात पडलेली राख आणि प्युमिस, म्हणजे आपण टाचा घासायला वापरतो तो सच्छिद्र दगड, अजून भुसभुशीतच आहे. या जमिनीत चिकणमाती जवळजवळ नाही, सेंद्रिय कर्बही नगण्य. शेतकऱ्याने हातात घेऊन लगेच टाकून द्यावी अशी ही माती. पण तिनेच या वेलींना वाचवले. १८६० नंतरच्या दशकांत फायलोक्झेरा नावाच्या, मुळांवर जगणाऱ्या किडीने युरोपातील बागा उद्ध्वस्त केल्या आणि पुढे बहुतेक सर्वत्र अमेरिकी खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या दुसऱ्या जातीच्या वेलीवर, कलमे बांधण्याची वेळ आली. ही कीड जमिनीच्या भेगांमधून मुळापर्यंत पोहोचते. मोकळ्या, वाळूसारख्या मातीत तिचा निभाव लागत नाही. म्हणूनच सांतोरिनीची वेल आजही स्वतःच्या मुळांवर उभी आहे. आपण डॉगरिज नावाच्या खुंटावर कलम करतो ते मुख्यतः पाण्याचा ताण आणि क्षार सोसण्यासाठी. कारण वेगळे, पण परक्या खुंटाचा आधार आपल्यालाही घ्यावा लागतोच.

आता वेलींविषयी. आपण पाहिलेल्या पद्धतीला तिकडे ‘कुलूरा’ म्हणतात. हिवाळ्यातील छाटणीच्या वेळी राखलेल्या काड्या एकमेकींत गुंफत गोल फिरवल्या जातात आणि वर्षामागून वर्षे त्याच वेटोळ्यावर नवे वेटोळे चढत जाते. डोक्यावर हंडा घेण्यापूर्वी ठेवायची चुंबळ डोळ्यांसमोर आणावी, ती मोठी करून जमिनीवर टेकवावी, की कुलूरा तयार. पाने वर येतात आणि घड चुंबळीच्या पोटात, सावलीत राहतात. उन्हाळ्यात उत्तरेकडून मेल्तेमी वारा सुटतो आणि राख उडवत नेतो. मांडवावरच्या घडांची त्यात सालपटे निघाली असती. तिथे पाऊस मुख्यतः हिवाळ्यातच पडतो, तोही थोडा. पुढे समुद्रावरून येणारे रात्रीचे धुके आणि प्युमिसने धरून ठेवलेली ओल यांवरच जुन्या बागा तगतात. वेल फार म्हातारी होऊन उत्पन्न घटले, की संपूर्ण वेटोळे कापून टाकतात आणि त्याच जुन्या मुळावर नव्या फुटीपासून पुन्हा चुंबळ वळायला घेतात. गुडघ्यांवर बसून करायचे हे काम आहे. तिथे यंत्र चालत नाही, आणि घडही हातानेच, साधारण ऑगस्टमध्ये तोडले जातात. आपल्याला ती बाटली महाग वाटली असल्यास पैसे या कष्टांचे आणि अल्प उत्पन्नाचे आहेत असे समजावे. हॉटेलांसाठी जमिनीला येणारा भाव पाहता कोणी अजून वेली राखतो, याचेच मला नवल वाटते.

प्रश्न : सेंद्रिय म्हणून घेतलेल्या अशाच एका बाटलीवर ‘सल्फाइट्स आहेत’ अशी सूचना छापलेली आहे. ही फसवणूक नव्हे काय? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नव्हे. किण्वनाच्या वेळी यीस्ट स्वतःच थोडे सल्फाइट, म्हणजे वाइन टिकवणारे गंधकाचे संयुग, तयार करते, आणि युरोपात लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या वर प्रमाण गेले की ही सूचना छापणे बंधनकारक आहे. युरोपीय संघाने ‘सेंद्रिय वाइन’ या शब्दांना २०१२ च्या हंगामापासूनच मान्यता दिली. त्यापूर्वी फक्त ‘सेंद्रिय द्राक्षांपासून केलेली’ एवढेच लिहिता येत असे. या नियमांनुसार साखर जवळपास नसलेल्या पांढऱ्या सेंद्रिय वाइनमध्ये लिटरमागे १५० मिलिग्रॅमपर्यंत सल्फाइट चालते. साध्या वाइनला ही मर्यादा २०० आहे. अमेरिकेत ‘ऑरगॅनिक वाइन’ म्हणायचे तर वरून सल्फाइट घालता येत नाही, त्यामुळे हा गोंधळ होतो.

बागेतही सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही, असे समजू नये. गंधक आणि ताम्रयुक्त औषधे, अगदी आपले मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रणसुद्धा, मर्यादेत चालतात. ताम्राची मर्यादा हेक्टरी सात वर्षांत मिळून २८ किलो आहे. सांतोरिनीसारख्या कोरड्या, वाऱ्याच्या बेटावर डाऊनी या बुरशीजन्य रोगाचा उपद्रव मुळातच कमी, म्हणून तिथल्या बागायतदाराला सेंद्रिय राहणे आपल्या दमट ऑगस्ट-सप्टेंबरात वेल सांभाळणाऱ्यापेक्षा पुष्कळ सोपे जाते. मात्र बेट ज्वालामुखीचे आहे म्हणून तिथली प्रत्येक बाटली सेंद्रिय ठरत नाही. त्यासाठी जमीन तीन वर्षे रूपांतरणात ठेवून, म्हणजे सेंद्रिय पद्धतीनेच कसून, प्रमाणपत्र घ्यावे लागते. लेबलवर ताऱ्यांनी रेखलेले हिरवे पान आणि त्याच्या जवळ ‘जीआर-बीआयओ’ने सुरू होणारा क्रमांक आहे का, एवढे पाहावे.

प्रश्न : असिर्तिकोची बाटली काही वर्षे जपून ठेवता येईल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : चांगली असिर्तिको आम्लतेच्या बळावर पाच-सात वर्षे सहज टिकते, पण थंड आणि अंधाऱ्या तळघरात. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये फडताळात ठेवण्यापेक्षा यंदाच उघडावी. फ्रीजमधून काढल्यावर वीसएक मिनिटे बाहेर राहू द्यावी, कारण अतिथंड वाइनला वास येत नाही. सोबत तव्यावर भाजलेली सुरमई असेल तर लिंबू पिळण्याची गरज उरत नाही.